टेकाळेंचं फ्लेमप्रूफ चाक

नागोराव टेकाळे यांनी आयुष्यात तीन कोटेशनं मागवल्याशिवाय कुठलीही वस्तू घेतली नाही. तारापूरच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कंपनीत एकतीस वर्षं मेंटेनन्स सांभाळल्यावर माणसाला ही खोड लागते, आणि मग ती कुकरच्या रिंगेपासून मुलीच्या स्थळापर्यंत सगळीकडे पुरून उरते. स्वतःच्या लग्नाच्या वेळीही त्यांनी परभणी जिल्ह्यात तीन मुली पाहून, मनातल्या मनात तुलनात्मक तक्ता करून नर्मदाबाईंना पसंती दिली होती, हे ते चारचौघांत अभिमानाने सांगत. नर्मदाबाईंनी त्या वेळी कसला तक्ता केला होता, हे नागोरावांनी कधी विचारलं नाही. तशी पद्धत नव्हती, आणि विचारलं असतं तर उत्तर ऐकून घ्यावं लागलं असतं.

म्हणून कोजागिरीनंतर दोन दिवसांनी जेवताना नर्मदाबाई म्हणाल्या की मला कुंभाराचं चाक घ्यायचंय, तेव्हा नागोरावांनी भाकरी खाली ठेवली, हात धुतले आणि वही काढली. ऑगस्टमध्ये निवृत्त झाल्यापासून त्या वहीत फक्त गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखा पडत होत्या.

झालं होतं असं. नर्मदाबाई जूनपासून दर शनिवारी पालघरला चारुता नावाच्या एका बाईंच्या क्लासला मातीची भांडी करायला जात होत्या. नागोरावांच्या मते हा पाय मोकळे करण्याचा प्रकार होता. पण कोजागिरीला सालवडच्या त्यांच्या श्रमसाफल्य सोसायटीच्या गच्चीवर, मसाला दुधाच्या दुसऱ्या ग्लासानंतर, नर्मदाबाईंनी सगळ्या बायकांसमोर जाहीर केलं की यंदा संक्रांतीची सुगडं कुणी बाजारातून आणायची नाहीत, मी माझ्या हाताने करून देणार. अकरा घरं, घरटी पाच सुगडं, म्हणजे पंचावन्न. सव्वीस वर्षं त्या बिल्डिंगमध्ये काढून नर्मदाबाईंनी दहा माणसांत असं काही पहिल्यांदाच बोलून दाखवलं होतं. तळमजल्यावरच्या हंसाबेन म्हणाल्या, "बघू हं." त्या दोन शब्दांनी नर्मदाबाईंची त्या रात्रीची झोप गेली. आता शब्द दिला होता, आणि तो पाळण्यासाठी घरी चाक हवं होतं.

चाक कसं घ्यायचं हे चारुताबाईंनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. हलकं, घरच्या प्लगवर चालणारं, पायाने वेग कमी-जास्त होणारं. तीन ओळी. नागोरावांनी चिठ्ठी वाचली, खिशात ठेवली, आणि ती त्याच शर्टाबरोबर धुतली गेली. चिठ्ठी गेल्याचं त्यांना फारसं दुःख झालं नाही. त्यांच्या मते चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईंना मोटरमधलं काही कळत नव्हतं.

नियमाप्रमाणे तीन कोटेशनं आली. तीनही चाकं दिसायला गोंडस होती आणि तिन्हींच्या मोटरी अर्ध्या हॉर्सपॉवरच्या आत होत्या. नागोरावांनी ते आकडे वाचले आणि चष्मा काढून पुसला. ज्या माणसाने पंचवीस-पंचवीस हॉर्सपॉवरच्या मोटरींना आयुष्यभर तेल-ग्रीस घातलं, त्याच्या घरात मिक्सरपेक्षा कमी ताकदीचं यंत्र यावं, आणि तेही विकत घेऊन, हे त्यांच्या मनाला लागलं. तीनही कोटेशनांवर त्यांनी लाल पेनने 'तांत्रिकदृष्ट्या अपात्र' असं लिहिलं आणि चाक आपणच बनवायचं ठरवलं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. निवृत्त झाल्यापासून दाढी एक दिवसाआड करणारा हा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गुळगुळीत दाढी करून, डबा घेऊन घराबाहेर पडला. नर्मदाबाईंनी ते पाहिलं आणि तोंडाशी आलेली गोष्ट गिळली. त्यांना म्हणायचं होतं की कोटेशनांतलं दुसरं चाक मला आवडलं होतं.

बोईसरला भंगाराच्या गल्लीत बबलू नावाचा फॅब्रिकेटर आहे. मूळचा आझमगढचा, पण बोईसरच्या निम्म्या कंपन्यांच्या जिन्यांना त्याचं वेल्डिंग आहे. नागोरावांनी त्याच्याकडे बसून सामान निवडलं. चाकाच्या तबकडीसाठी केमिकल कंपनीतल्या बंद पडलेल्या रिअ‍ॅक्टरच्या नळीचं झाकण घेतलं. दोन फूट व्यासाची, दोन बोटं जाडीची, कडेने बोल्टांची वीस भोकं असलेली ही लोखंडी चकती उचलायला तीन माणसं लागली. त्याखाली पोलादी दांडा, बेअरिंग आणि एक गिअरबॉक्स आला. आणि मोटर घेतली तीन हॉर्सपॉवरची, थ्री फेज, फ्लेमप्रूफ.

फ्लेमप्रूफ मोटर म्हणजे जिच्या आतली ठिणगी बाहेर येत नाही अशी, बिडाच्या जाड कवचातली मोटर. जिथे केमिकलच्या वाफा असतात तिथे ती लागतेच. नागोरावांनी एकतीस वर्षांत दुसऱ्या जातीची मोटर बसवली नव्हती, त्यामुळे दुसरी जात असते हे त्यांच्या लक्षातून गेलं होतं. नर्मदाबाईंनी एकदाच विचारलं, "अहो, मातीला आग लागते का?"

"आणि लागली तर?" नागोराव म्हणाले.

नर्मदाबाईंनी चहाचे कप उचलले आणि आत गेल्या.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चाक तयार होऊन टेम्पोतून आलं आणि दुसऱ्या मजल्यावर चढेना. बिल्डिंगला लिफ्ट नाही. चार हमालांनी ते पहिल्या पायरीपर्यंत नेलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि चहा पिऊन येतो म्हणून जे गेले ते गेले. चाक पार्किंगमध्ये राहिलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी भाग्येश खाली उतरले. भाग्येश अणुऊर्जा केंद्रात सुरक्षा विभागात आहेत, आणि तिथली शिस्त घरी आणू नये असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. बिल्डिंगमध्ये गणपतीची आरतीसुद्धा अग्निशामक नळकांडं शेजारी ठेवून होते. त्यांनी चाकाभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि तातडीची सभा बोलावली.

सभा दोन तास चालली. सोसायटीच्या नियमावलीत दुचाकी आणि चारचाकी वाहनांची सोय आहे, एका चाकाची नाही, असा पहिला मुद्दा निघाला. हे वाहन नाही असं नागोरावांनी सांगितलं, तर मग ते पार्किंगमध्ये का, असा दुसरा निघाला. चिखलाचं पाणी गटारात गेलं तर ते सांडपाणी धरायचं का यावर बराच ऊहापोह झाला, कारण खोलीतले निम्मे लोक कंपन्यांत कामाला होते आणि सांडपाणी या विषयावर प्रत्येकाला दहा मिनिटं बोलता येत होतं. हंसाबेनना पार्किंगलगतच्या आपल्या खिडकीतल्या लोणच्याच्या बरण्यांची काळजी होती. शेवटी भाग्येशनी एकवीस मुद्द्यांची सुरक्षा तपासणी यादी काढली, आणि चाक बंद करायचं लाल बटण चालवणाऱ्यापासून सहा फूट लांब, भिंतीवर असावं असं ठरलं. चालवणारीच्या हाताला ते कसं पोचणार, हा प्रश्न यादीत नव्हता.

यानंतर नागोरावांच्या ध्यानात आलं की घरच्या मीटरला सिंगल फेज वीज येते आणि ही मोटर थ्री फेजवर चालते. ही गोष्ट त्यांना आधी सुचली नाही याचं त्यांना स्वतःलाच इतकं आश्चर्य वाटलं, की ते दोनदा मीटर बघून आले. कंपनीत थ्री फेज हवेसारखी असते. ती कुठून येते हे कुणी विचारत नाही.

वीज कार्यालयात मोनाली नावाच्या एका अतिशय शांत मुलीने त्यांचा अर्ज घेतला. वीज कशासाठी हवी, या रकान्यात नागोरावांनी 'सुगडं' असं लिहिलं होतं. मोनालीने पुन्हा पुन्हा वाचलं. मग तिने समजावून सांगितलं की घरगुती, व्यापारी, औद्योगिक आणि शेती असे चार प्रकार आहेत आणि सुगडं कशातच बसत नाहीत. विकणार नाही म्हणजे व्यापारी नाही. कारखाना नाही म्हणजे औद्योगिक नाही. तीन हॉर्सपॉवर आहे म्हणजे घरगुती म्हणायला जीभ रेटत नाही. तिने भल्या मनाने एक मार्ग सुचवला, की काका, पिठाची गिरणी लिहा, लगेच होईल. नागोराव ताठ उभे राहिले. ज्याने मुंबईहून आलेल्या तपासणी पथकांना कधी खोटा कागद दाखवला नाही, तो संक्रांतीच्या तोंडावर स्वतःला गिरणीवाला म्हणवून घेणार नव्हता. अर्ज 'मार्गदर्शनासाठी' वरच्या कार्यालयात गेला आणि डिसेंबर संपला.

मधल्या काळात चाक पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभं होतं. दांडीहून मासळी घेऊन येणाऱ्या रत्नाबाईला त्याची उंची पसंत पडली. डोक्यावरची पाटी ती थेट त्या लोखंडी चकतीवर उतरवू लागली आणि तिथेच बोंबिलांचा भाव करू लागली. "सायेब, मशीन बेस हाय तुमचा," ती नागोरावांना म्हणाली. "वाकाला लागत नाय." तीन महिन्यांत त्यांच्या चाकाची झालेली ही पहिली स्तुती होती, म्हणून त्यांनी पाटी हलवायला सांगितलं नाही. फक्त सोसायटीतली मांजरं तिथून हटेनाशी झाली.

शेवटी भाग्येशनीच तोड काढली. सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला थ्री फेज होती. पंपाच्या खोलीतून तात्पुरती वायर ओढायची, एका रविवारपुरती, लेखी परवानगीने. जानेवारीच्या चार तारखेला, रविवारी सकाळी दहा वाजता, नारळ फोडून, अकरा घरच्या बायकांच्या साक्षीने नागोरावांनी हिरवं बटण दाबलं.

जमीन थरथरली. डहाणू-पालघरकडे अधूनमधून भूकंपाचे लहान धक्के बसतात, त्यामुळे इकडची माणसं या बाबतीत तयार आहेत. वरच्या तीन मजल्यांवरचे पुरुष लुंगीवर, दाढीला फेस लावलेल्या अवस्थेत, मुलांना काखोटीला मारून खाली आले. ज्यांना तो भूकंप वाटला नाही, त्यांना एमआयडीसीत काहीतरी उडालं असं वाटलं आणि ते वाऱ्याची दिशा बघू लागले. पाच मिनिटांत अख्खी बिल्डिंग पार्किंगमध्ये जमली, आणि नागोरावांना अपेक्षेपेक्षा मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला.

चाक फिरत होतं. नागोरावांचा ऊर भरून आला. तेवढ्यात नर्मदाबाई हळूच म्हणाल्या की उलटं फिरतंय. त्या ज्या बाजूने फिरणाऱ्या चाकावर शिकल्या होत्या, त्याच्या बरोबर विरुद्ध.

नागोराव हसले. हा प्रश्न त्यांच्या प्रांतातला होता. थ्री फेज मोटरचं एक बरं असतं, तिच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल केली की ती उलट्या दिशेने फिरू लागते. हे काम करायचं मोटरच्या डबीत. पण मोटर फ्लेमप्रूफ, डबीला आठ बोल्ट, आणि आठही गंजलेले. इतके लोक ताटकळलेले. म्हणून नागोराव पंपाच्या खोलीत गेले, जिथून वीज येत होती त्या मुख्य स्विचच्या दोन तारा त्यांनी सराईतपणे बदलल्या, आणि दोन मिनिटांत बाहेर आले. चाक सुलट फिरू लागलं. टाळ्या पडल्या. त्या क्षणी नागोराव पुन्हा कंपनीत होते.

मग नर्मदाबाई पुढे झाल्या, पदर खोचून बसल्या आणि त्यांनी क्लासमधून आणलेला मातीचा गोळा चकतीवर ठेवला. या चाकाला वेग कमी करायची सोयच नव्हती. ते एक तर बंद असे किंवा पूर्ण जोरात. गोळा अर्धा सेकंद चकतीवर राहिला आणि मग त्यातला अर्धा भाग्येशच्या एकवीस मुद्द्यांच्या यादीवर जाऊन बसला. यादी भाग्येशनी छातीशी धरलेली होती. सहा फुटांवरच्या लाल बटणापर्यंत नागोराव पोचेपर्यंत दुसरा अर्धा गोळा हंसाबेनच्या खिडकीत गेला. नर्मदाबाईंनी हात पुसले आणि त्या वर निघून गेल्या.

सोमवारी सकाळी बिल्डिंगला पाणी नव्हतं.

पंप चालू होता, आवाज येत होता, पण गच्चीवरच्या टाकीत पाणी चढत नव्हतं. साहजिकच सगळे टेकाळेंकडे आले, कारण बिल्डिंगमध्ये पंपातलं कळणारा दुसरा कुणी नव्हता. कालच्या अपमानावर फुंकर घालायला ही संधी चालून आली असं नागोरावांना वाटलं. त्यांनी फूटव्हॉल्व्ह काढून पाहिला. पॅकिंग बदललं. टाकीच्या पाइपात कबुतर अडकल्याचा संशय घेऊन पाइप उघडला, तर आत कबुतर नव्हतं. दुपारी त्यांनी भूजल पातळी खालावल्याचं निदान केलं आणि त्याला आसपासच्या बोअरवेल जबाबदार धरल्या. संध्याकाळी पंपाचे सगळे भाग गोणपाटावर मांडून, ग्रीसने माखलेले नागोराव त्यांच्या मधोमध बसले होते, आणि जिन्यावर बादल्यांची रांग लागली होती.

नर्मदाबाई रिकामी कळशी घेऊन खाली आल्या. थोडा वेळ त्या गोणपाटाकडे बघत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "काल तुम्ही तारा बदलल्या, त्या फक्त चाकाच्याच होत्या ना?"

नागोरावांचा हात हवेतच थांबला. मुख्य स्विचवर तारा बदलल्या की त्याच्या पुढचं सगळंच उलटं फिरतं. चाकही आणि पंपही. पंप कालपासून उलटा फिरून पाणी जागच्या जागी घुसळत होता. आयटीआयच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात. एकतीस वर्षांत नागोरावांनी ही चूक करणाऱ्या किमान चार पोरांना सगळ्यांसमोर झापलं होतं. ते उठले, आत गेले, तारा पूर्ववत केल्या, पंप जुळवला आणि कुणाच्या नजरेला नजर न देता घरी आले. टाकी भरली. नळाला पाणी आलं, पण आंघोळ करायची त्यांना इच्छा राहिली नव्हती.

मंगळवारी सोसायटीने वायर कापली. सकाळी हंसाबेन वर आल्या. त्या काही वाईट बाई नव्हत्या. म्हणाल्या की बाजारातल्या सुगडंवाल्याकडे अजून माल आहे, पंचावन्न सांगून ठेवू का, उशीर झाला तर मिळायची नाहीत. नर्मदाबाई म्हणाल्या की संध्याकाळी सांगते. दार लावून त्या ओट्यापाशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. नागोरावांनी त्यांना लग्नात, बाळंतपणात, मुलीच्या पाठवणीत रडताना पाहिलं होतं, पण त्या वेळी दोष त्यांचा स्वतःचा नव्हता. या वेळी होता. संक्रांतीला आठ दिवस राहिले होते, आणि एक सुगड करून न देता त्यांनी बायकोचे तीन महिने खाल्ले होते. हे त्यांच्या मनाने त्यांना स्पष्ट सांगितलं.

अशा वेळी महादू कुंभार माती घेऊन आला. मनोरच्या अलीकडे एका पाड्याजवळ त्याचं घर आहे. चारुताबाईंच्या क्लासला तोच माती पुरवतो, आणि पंचावन्न सुगडांची माती नर्मदाबाईंनी त्याला महिन्यापूर्वीच सांगून ठेवली होती. सत्तरीचा, काटकुळा, कानात विडीचं थोटूक. टेम्पोतून गोणी उतरवताना त्याची नजर ताडपत्रीवर गेली. त्याने ती वर केली आणि वाकून मोटर बघितली.

"हिच्यात दलन दलता का काय?" त्याने विचारलं.

नागोरावांनी हे चाक असल्याचं सांगितलं. गिरणीचा आरोप त्यांच्यावर दुसऱ्यांदा होत होता. महादूने चकतीला हात घातला. ती जागची हलेना, कारण खाली गिअरबॉक्स दात लावून बसला होता. त्याने चकतीची जाडी बोटांनी मापली, कडेच्या भोकांतून करंगळी फिरवली, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू आदर दिसू लागला. असा आदर नागोरावांना ऑक्टोबरपासून कुणी दाखवला नव्हता.

"चाक लय बेस हाय, सायब," तो म्हणाला. "आमचा दगडाचा व्हता, त्याच्यापरीस जड. फक्त त्याच्या खालचा समदा काढून टाका."

खालचं सगळं म्हणजे मोटर, गिअरबॉक्स, दोन्ही बटणं आणि एकतीस वर्षांचा अनुभव. महादूने समजावून सांगितलं. जड चाक मोकळं सोडलं, कडेच्या भोकात काठी घालून चार वेढे जोरात दिले, की ते आपल्याच वजनाने फिरत राहतं. पहिल्यांदा वेग, मग हळूहळू कमी. मातीला तसाच लागतो. त्याचा बाप असाच करी, आणि त्याच्या बापाला वीज माहीत नव्हती.

बबलू तासाभरात आला आणि गॅस कटर पेटवला. मोटर उतरली, गिअरबॉक्स उतरला. खाली एक बेअरिंग, त्यावर दांडा आणि वर चकती एवढंच उरलं. बबलूने सुटी मोटर बाजूला ओढली आणि सहानुभूतीने म्हणाला, "सर, अब तो खाली ढक्कन रह गया." नागोरावांनी मान हलवली. सांगायचं तर त्यांनी स्वतःच्या हाताने शेवटचे चार बोल्ट काढले, आणि प्रत्येक बोल्टाला त्यांच्या तोंडून एक उसासा बाहेर पडला.

महादूने पोछ्याचा दांडा मागून घेतला, भोकात घातला आणि नागोरावांच्या हाती दिला. नर्मदाबाई खाली येऊन पाटावर बसल्या होत्या. नागोराव काठी धरून उभे राहिले. मग ते थांबले. तीन महिन्यांत जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं.

"कुठल्या बाजूने फिरवू?" त्यांनी विचारलं.

नर्मदाबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बोटाने दिशा दाखवली, नागोरावांनी चार वेढे दिले, आणि ते दीडदोनशे किलोंचं सगळं लटांबर आता नुसती चकती होऊन, आवाज न करता फिरू लागलं. मातीचा गोळा या वेळी कुठेही गेला नाही. नर्मदाबाईंच्या दोन अंगठ्यांमधून एक इवलंसं सुगड वर आलं. महादूने फक्त "हां" म्हटलं. हंसाबेन खिडकीत होत्या, त्यांना निरोप वेगळा द्यावा लागला नाही.

पुढचे अडीच दिवस नागोराव त्या चाकाची मोटर होते. "द्या" म्हटलं की वेढे द्यायचे, "पुरे" म्हटलं की बाजूला व्हायचं. पहिल्या दिवशी त्यांनी दर वेढ्याला सूचना केल्या. दुसऱ्या दिवशी दम लागल्यामुळे सूचना बंद झाल्या आणि सुगडं एकसारखी येऊ लागली. भाग्येश येऊन पाहून गेले. त्यांच्या एकवीस मुद्द्यांपैकी वीस मुद्दे विजेचे होते, त्यामुळे ते थोडे हिरमुसले.

गुरुवारी दुपारी नर्मदाबाई चहा टाकायला वर गेल्या असताना नागोरावांनी इकडेतिकडे पाहिलं. मग काठीने चाक जोरात फिरवलं, धावत पाटावर जाऊन बसले आणि उरलेल्या मातीचा गोळा ठेवला. गोळा मधोमध बसेपर्यंत चाक मंदावलं. ते उठले, वेढे दिले, पुन्हा धावले. असं त्यांनी आठ वेळा केलं. चहा खाली येईपर्यंत एक वस्तू तयार झाली होती. तिला बूड होतं आणि तोंड होतं, एवढंच तिच्याबद्दल खात्रीने सांगता येत होतं. ती त्यांनी सुकायला ठेवलेल्या फळीवर अगदी मागच्या रांगेत सरकवली.

रविवारी सगळा माल गोणपाटात गुंडाळून महादूच्या घरी गेला. त्याने भाजायला आवा लावला. मंगळवारी सकाळी दोघं तिथे पोचले, तेव्हा राख अजून कोमट होती. महादू एकेक सुगड काढून टिचकी मारी, आणि टणत्कार आला की नर्मदाबाईंच्या हाती देई. वाळतानाचे तडे धरून त्यांनी साठ केली होती. पाच आव्यात फुटली. एकाचा आवाज बद्द आला, महादूने ते बाजूला टाकलं. नर्मदाबाई मोजत होत्या. चोपन्न झाली आणि राखेत हात घातला तर राखच लागली. त्यांनी दोनदा मोजलं.

दहा घरांची पन्नास आधी बाजूला निघाली. स्वतःसाठी चार उरली. पुजायला पाच लागतात.

"आजून येक हाय," महादू म्हणाला, आणि त्याने कडेच्या राखेतून ती वस्तू वर काढली. ती जाड होती, एका अंगाला कललेली होती, आणि तिच्या कडेवर एका अंगठ्याचा ठसा जसाच्या तसा भाजला गेला होता. महादूने टिचकी मारली. टणत्कार आला. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि हे कोनी केला, असं विचारलं. नागोराव समोरच्या डोंगराचं निरीक्षण करू लागले. नर्मदाबाईंनी आधी अंगठ्याच्या ठशाकडे पाहिलं, मग नागोरावांच्या अंगठ्याकडे.

"ते घेऊ नका," नागोराव शेवटी म्हणाले. "ते तपासणीत पास होणार नाही. तोंड वाकडं आहे, बूड सरळ नाही. मी बाजारातून एक आणतो."

"पुजणार कोण आहे, तुम्ही की मी?" नर्मदाबाईंनी विचारलं.

नर्मदाबाईंनी पदराने त्या सुगडाची राख पुसली, ते आपल्या चारांत ठेवलं, आणि कललेल्या बाजूला टेकू म्हणून हलकेच दुसरं सुगड सरकवलं.